सहा मिनिटांची हवा

आमच्या पथकाचं नाव इतकं लांब होतं, की गाडीच्या एका अंगावर ते मावलं नाही. रंगाऱ्याने अर्धं डावीकडे लिहिलं, अर्धं उजवीकडे. त्यामुळे रस्त्याच्या एका बाजूच्या लोकांना ‘घातक रसायने व वायू’ एवढंच दिसायचं आणि दुसऱ्या बाजूच्यांना ‘आपत्कालीन वैद्यकीय पथक’. मारेगावच्या बाजारात एका म्हातारीने मला सरळ विचारलं होतं, “बाई, यात वायू भरून नेता का?” तेव्हा मी हसले होते.

मी त्या गाडीवरची डॉक्टर. आयुर्वेदाची पदवी, कंत्राटी नोकरी, दर अकरा महिन्यांनी नवा करार. त्याआधी पाच वर्षं मी साध्या रुग्णवाहिकेवर काढली होती. साप चावलेले, फवारणीत विष भिनलेले, मोटारसायकलवरून पडलेले, आणि बाळंतिणी. त्यांतल्या दोघी तर गाडीतच मोकळ्या झाल्या. मग वरून यादी मागवली गेली. गॅसगळती, रसायनाचा टँकर उलटणं, टाकीत माणूस अडकणं अशा प्रसंगांसाठी जिल्ह्यात खास पथक हवं होतं. पक्क्या नोकरीतल्या डॉक्टरांनी एकेक कारण देऊन अंग काढून घेतलं. ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं, त्यांची नावं गेली. माझं पहिलं होतं.

चालकाचं तसं नव्हतं. त्याने स्वतःहून नाव दिलं होतं. तो फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा, चाळिशीचा, अंगाने सडसडीत. घरी फोनवर बंजाऱ्यांच्या गोर बोलीत बोलायचा, माझ्याशी वऱ्हाडीत. मी त्याला भाऊ म्हणायची, तो मला म्याडम. त्याच्याइतकं गाडीचं कोणी करताना मी पाहिलं नाही. रोज सकाळी चारही टायरांवरून तो उघडा तळहात फिरवायचा. मी विचारलं, की म्हणायचा, “डोयाले नाई दिसत म्याडम, हाताले समजते.”

प्रशिक्षण नागपूरला झालं, तीन आठवडे. पाठीवर हवेचा सिलेंडर, तोंडावर मास्क, अंगात पिवळा सूट. तो सूट घातला, की माणूस स्वतःच्याच घामात शिजतो. सिमेंटच्या अरुंद पाइपात धूर सोडायचे आणि आतून माणसाच्या वजनाचं बुजगावणं ओढून आणायला लावायचे. पहिल्या दिवशी मी मास्कमध्येच ओकले. चालक मात्र आत शिरला, बुजगावण्याला घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, “याच्यापेक्षा आमच्या घरचा गोऱ्हा जड आहे.” शिकवणारे अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांना जिना चढताना दम लागायचा. ते एकच गोष्ट रोज सांगायचे. आत पडलेला माणूस दिसला, की तुमचे पाय आपोआप धावतील. त्या पायांना आवरणं हेच खरं शिक्षण, बाकी सगळं सामान आहे. हवा दाखवणारा काटा लाल पट्ट्यात असलेला सिलेंडर पाठीला लावून कोणी आत गेला, तर तो मदत करायला नाही, मरायला गेला असं समजा. आम्ही ते वहीत लिहून घेतलं.

परत आल्यावर आमची प्रात्यक्षिकं सुरू झाली. गाडीचं उद्घाटन झालं, तेव्हा एक. ध्वजारोहणानंतर मैदानावर एक. पाहुणे मुंबईहून आले म्हणून एक. ते उशिरा आले आणि त्यांनी पाहिलं नव्हतं म्हणून त्याच दिवशी आणखी एक. ऊन मरणाचं, अंगात पिवळा सूट, समोर खुर्च्या आणि कूलर. आरोग्य विभागातला एक कर्मचारी बेशुद्ध पडल्याचं सोंग करायचा, चालक त्याला खांद्यावर टाकून धुरातून बाहेर काढायचा आणि टाळ्या पडायच्या. आमच्याकडे सहा सिलेंडर होते. पाच टाळ्यांमध्ये संपले. सहाव्यात थोडी हवा उरली.

सिलेंडर भरायचे तर नागपूरला न्यावे लागत, आणि जिल्ह्याबाहेर गाडी न्यायला मंजुरी लागत होती. मंजुरीचा कागद फिरत असतानाच तपासणी आली. आलेले साहेब काही वाईट माणूस नव्हते. माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी नोंदवही उघडली. त्यात एक रकाना होता, सिलेंडर भरलेले की रिकामे.

“भरलेले लिहा,” ते म्हणाले.

“साहेब, एकात थोडी आहे. पाच तर पूर्ण रिकामे आहेत.”

“सोमवारी गाडी जातेच आहे नागपूरला. रिकामे लिहिलं, तर मला वर खुलासा करावा लागेल. आणि तुमचा करारही याच महिन्यात आहे ना?”

आवाजात धमकी नव्हती. असती तर बरं झालं असतं, निदान मला राग तरी आला असता. मी ‘भरलेले’ लिहिलं आणि खाली सही केली. चालक मागे उभा राहून मास्कची काच पुसत होता. तो काहीच बोलला नाही.

सोमवारी गाडी गेली नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. मग मी पत्र लिहिलं. उत्तर लवकर आलं, चार दिवसांत. नोंदवहीनुसार सिलेंडर भरलेले असल्याने कार्यवाहीची आवश्यकता दिसून येत नाही, असं त्यात होतं. ते उत्तर मी फाइलला लावलं. दुसरं पत्र लिहायचं, तर आधी मी खोटी सही केली असं लिहावं लागणार होतं. करार नुकताच पुढे सरकला होता. मी लिहिलं नाही.

त्यानंतर एका सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला. मारेगावपासून जवळच्याच गावात, शेतातल्या विहिरीत दोन माणसं पडली होती. बुडाली नव्हती, नुसती पडली होती, हलत नव्हती. एवढं ऐकल्यावर चालकाने माझ्याकडे पाहिलं. आम्हाला दोघांनाही कळलं, की हा आमचाच कॉल आहे. ज्यासाठी आम्हाला शिकवलं होतं, अगदी तो.

गाडीत त्याने विचारलं, “सहाव्यात किती आहे?”

“लाल पट्ट्यात काटा आहे.”

“म्हंजे सहा-सात मिनिटं.”

मी नियंत्रण कक्षाला फोन लावला. वणीच्या अग्निशमन गाडीला कळवायला सांगितलं. राजूरकडच्या कोळसा खाणीत बचाव पथक असतं हे मला ऐकून माहीत होतं, त्यांनाही बोलवा म्हणून सांगितलं.

विहीर कपाशीच्या रिकाम्या वावराच्या कडेला होती, चांगली चाळीस-पंचेचाळीस फूट खोल. दोघा भावांची शेती. विहिरीतला गाळ काढायचा होता. दिवसा लाइन नव्हती, म्हणून पाणी उपसायला पेट्रोलवरचं इंजिन आणलं होतं. वरून पाणी ओढलं जाईना, तेव्हा त्यांनी इंजिनच दोराने विहिरीत सोडून मधल्या दगडी टप्प्यावर ठेवलं आणि चालू केलं. धूर आतच कोंडला. धाकटा भाऊ गाळात उतरला होता, तो खाली बसला आणि आडवा झाला. त्याला काढायला कामावरचा मजूर उतरला, तोही त्याच्याशेजारी कोसळला. इंजिन आपोआप बंद पडलं होतं. हे सगळं मला थोरल्या भावाने सांगितलं. पन्नाशीचा माणूस, बनियन चिखलाने भरलेली. तो भरभर बोलत होता आणि मधेच वाकून विहिरीत धाकट्याला हाका मारत होता.

मी काठावर पोटावर झोपून खाली पाहिलं. दोघंही दिसत होते. एक पालथा, एक कुशीवर. पंधरा-वीस मिनिटं तरी झाली असावीत. छाती हलताना दिसत नव्हती, पण एवढ्या वरून नक्की सांगता येत नव्हतं.

चालकाने तोवर सूट चढवला होता. सहावा सिलेंडर पाठीला लावून तो माझ्यासमोर उभा राहिला.

“म्याडम, सहा मिनिटांत उतरतो, एकाले दोर बांधतो अन् वर येतो. तुमी घड्याळ पाहा.”

“नाही.”

“मी नागपुरात चार मिनिटांत काढलं होतं.”

“तिथे पाइप आडवा होता भाऊ. इथे शिडीवरून उतरायलाच दोन मिनिटं जातील. वर येताना हवा संपली तर?”

“तर मास्क काढतो अन् श्वास धरतो.”

“नाही म्हणते ना मी.”

एव्हाना सगळं गाव जमा झालं होतं. कोणीतरी ओरडलं, “कायले आले मंग इथं, फोटो काढाले?” दुसरा म्हणाला, “त्या बाईले बाजूले करा, तो उतरून राह्यला तर उतरू द्या.” चालक शिडीकडे वळला. मी त्याच्या पाठीवरचा पट्टा दोन्ही हातांनी पकडला आणि मागे ओढलं. तो माझ्यापेक्षा कितीतरी ताकदवान. त्याने मनात आणलं असतं, तर एका झटक्यात सुटला असता. पण त्याने झटका दिला नाही. नुसता शिडीकडे पाहत उभा राहिला. मी त्याच्या कानाशी नागपूरचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, लाल पट्ट्यात असताना जायचं नाही, लाल पट्ट्यात असताना जायचं नाही.

तेवढ्यात बायका किंचाळल्या. मी मान वळवली, तर थोरला भाऊ शिडीवर अर्ध्यात पोचला होता. तोंडाला ओला दुपट्टा बांधलेला. तो माझ्या बाजूनेच, दोन हातांवरून गेला असणार. मला कळलंही नाही. मी ओरडले, वर या, वर या. तो खाली पोचला, धाकट्याच्या बगलेत त्याने हात घातले, त्याला कमरेपर्यंत उचललं. मग त्याचे गुडघे वाकले आणि तो हळूच, एखादा दमलेला माणूस बसतो तसा, गाळात बसला. चालकाने मास्क काढून फेकला आणि काठावर डोकं धरलं.

पुढचा पाऊण तास मला शिकवलेलं सगळं मी केलं. गावातून उफणणीचा पंखा मागवला, ट्रॅक्टरवर लावला. ताडपत्री गुंडाळून तिची लांब नळी केली आणि पंख्याचा वारा त्या नळीतून विहिरीच्या तळाशी सोडला. टँकरने कडेकडेने पाणी ओतलं. आतली हवा हलावी म्हणून लिंबाच्या फांद्या दोराला बांधून खालीवर केल्या. लोक आता मुकाट्याने सांगेल ते करत होते. हेच सगळं गेल्या गेल्या सुरू करता आलं असतं. पहिली दहा मिनिटं मी चालकाला धरून उभी होते.

वणीची गाडी आली. तिच्या मागोमाग खाणीतले चार जण आले. त्यांनी घाई केली नाही. मास्क-सिलेंडरचे सेट तपासले, एकाने खाली जाऊन वायू मोजायचा मीटर लावला, दुसऱ्याने दोर बांधले. बारा मिनिटांत त्यांनी खालच्या तिघांना वर आणलं. तिघांचे गाल लालसर होते, झोपेतून उठवलं तर उठतील असे. इंजिनाच्या धुराने मेलेला माणूस असाच दिसतो. मी तिघांचीही छाती दाबली, जेवढा वेळ दाबायची असते त्याहून जास्त वेळ. थोरल्या भावाचं अंग अजून गरम होतं. पण ऊनही तसंच होतं.

खाणीतल्या पथकाचा म्होरक्या आमचे सेट पाहत होता. त्याने सहावा सिलेंडर हलवून काटा पाहिला.

“हे भरायले कुठं पाठवता?”

“नागपूरला.”

“काहून बाप्पा? आमच्याकडं कॉम्प्रेसर आहे ना. एक चिठ्ठी द्याची होती.”

तो चांगल्या मनानेच बोलला. चालक तिथेच सूट घडी करत होता. त्याने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. दोन सख्ख्या भावांचा विहिरीत मृत्यू, असं मथळ्यात होतं, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत, अन्य एक. तो अन्य एक बौद्ध वस्तीतला होता. मीही तशाच वस्तीत वाढले आहे, दुसऱ्या गावात. माझे वडील आयुष्यभर दुसऱ्यांच्या विहिरींचा गाळ काढून मग घरी येऊन अंघोळ करायचे. ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगण्यात अर्थ नाही.

चौकशी झाली. खोलीत टेबलापलीकडे तीन माणसं होती. त्यांनी मला नोंदवही दाखवली.

“ही सही तुमची?”

“हो.”

“यात सिलेंडर भरलेले आहेत. मग पथक खाली का उतरलं नाही?”

मी सगळं सांगितलं. प्रात्यक्षिकं, तपासणी, सोमवार, पत्र. त्यातल्या एकाने लिहिणं थांबवलं आणि पेन खाली ठेवलं. “म्याडम, हे सगळं लिहून घेतलं, तर आधी तुम्ही जाता. तुमच्या मागे बरेच जण जातील, पण आधी तुम्ही.” मग तो थांबला, मला विचार करायला वेळ मिळावा म्हणून. मी विचार केला. अहवालात शेवटी आलं, की सिलेंडर भरलेले होते, मात्र विहिरीची रचना पाहता उतरणं धोक्याचं होतं आणि पथकाने नियमानुसार योग्य निर्णय घेतला. माझ्या निर्णयाची स्तुती करणारं एक वाक्यही होतं. ज्या साहेबांनी सही घेतली, ते त्याच वर्षी बढतीवर गेले. तेव्हा त्यांनी मला फोन करून, धीराने घेतलंत, असं सांगितलं.

चालकाने अहवाल वाचला. गाडीच्या पायरीवर बसून, बोट फिरवत, सावकाश. वाचून झाल्यावर माझ्या हातात परत दिला.

“तुमी मले धरलं म्हणून मी जिता हाव,” तो म्हणाला. “हे मले समजते. माह्या घरच्या बाईनं तुमाले नमस्कार सांगतला आहे.”

“भाऊ…”

“पन सही तुमीच केलती ना?”

“हो.”

“मी मागंच उभा होतो. मीबी बोललो नाई.” तो उठला. “आता तुमच्यासंगं गाडीवर नाई बसवत म्याडम. माह्यानं नाई होत.”

महिन्याभरात त्याने नोकरी सोडली. पुसदला एका शाळेची बस चालवतो असं ऐकलं. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तो अदबीने बोलला, मुलाबाळांचं विचारलं, आणि फोन ठेवला.

त्या गावात जायला मला सहा महिने लागले. सुटीच्या दिवशी बसने गेले. आधी बौद्ध वस्तीत गेले. मजुराच्या घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, की बाई लेकरं घेऊन माहेरी राजूरला निघून गेली, आता इकडे येत नाही. मग मी भावांच्या घरी गेले. थोरल्या भावाची बायको ओसरीत तूर निवडत होती. तिने मला ओळखलं. बसा म्हणाली नाही, पण पाणी आणून दिलं.

मी काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं. त्यातलं काहीच बोलता येईना. शेवटी तीच बोलली.

“तुमी तुमच्या मानसाले धरलं. आमच्या मानसाले काहून नाई धरलं?”

“मला दिसले नाहीत ते. मी पाठमोरी होते.”

“तुमच्या बाजूनंच गेले.”

“हो.”

ती सुपातले खडे वेचत राहिली. मग मी तिला ते सांगितलं, जे चौकशीच्या कागदात आलं नव्हतं. सिलेंडर रिकामे होते, भरलेले आहेत अशी खोटी सही मी केली होती, ते भरलेले असते तर आमचा माणूस लगेच उतरला असता आणि तुमच्या माणसाला उतरायची वेळच आली नसती. मी एका दमात बोलले. ती माझ्याकडे न पाहता ऐकत होती.

“कुठं भरते ते हवा?”

“राजूरला भरून मिळाली असती. खाणीत.”

“इथंच? किती टाइम लागते भरायले?”

“एकाला पंधरा मिनिटं.”

तिने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे नीट पाहिलं, जणू मी आत्ताच आले आहे. तिच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी वाट पाहत होते. राग आला नाही. तिने रिकामा पेला उचलला, आत गेली आणि दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला नाही, नुसतं लोटून घेतलं. मी ओसरीतून उतरले. मग बसथांब्यावर आले. तासभर बस नव्हती.

मी अजून त्याच गाडीवर आहे. नवा चालक तरुण आहे, चांगला आहे. सिलेंडर आता दर पंधरवड्याला राजूरहून भरून येतात. त्यासाठी कुणाची मंजुरी लागत नाही, असं नंतर कळलं. कधीच लागत नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यात मीही होते.